घंटेची पट्टी

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी गोटीराम म्हात्रे फोन घेऊन वरच्या मजल्यावर नातीकडे गेला. काम साधं होतं. फोनचं टिंग टिंग बंद करायचं आणि रिंग तेवढी चालू ठेवायची. असल्या कामाला माणूस पोरांकडे जातो, काम झालं की जिना उतरतो आणि विसरून जातो. गोटीरामला ते विसरता आलं नाही. का, ते सांगतो. मध्ये बोलू नका. खोटं वाटलं तर खोटं म्हणा, माझं काही जात नाही.

नावड्याच्या गावठाणात गोटीरामला सगळे ओळखायचे ते एका कामामुळे. तो तिरड्या बांधायचा. त्याचा बापही बांधायचा. शेतं रसायनांच्या कंपन्यांखाली गेली, घरांच्या जागी चार मजले उभे राहिले, पोरगा धनेश भाडेकरूंचा मालक झाला, तरी हे काम म्हाताऱ्याने सोडलं नाही. घरामागच्या अरुंद बोळात त्याचे बांबू भिंतीला टेकून उभे असायचे. धनेश म्हणायचा, भाडेकरू घाबरतात. गोटीराम म्हणायचा, घाबरू देत, त्यांनाही लागणार आहेत.

त्या गावची एक रीत होती. माणूस गेलं की घरातला जवळचा पुरुष सुतळी घेतो आणि मयताचं डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतो. दर वितीला एक गाठ मारतो. ती सुतळी घेऊन कुणीतरी गोटीरामच्या दारात येऊन उभा राहतो. उंबऱ्याच्या आत यायचं नाही, मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. गोटीरामनेही विचारायचं नाही. सुतळी हातात घ्यायची, गाठी मोजायच्या आणि त्या मापाचा बांबू काढायचा. नाव घेतलं तर बांबूला ऐकू जातं, असं त्याचा बाप सांगायचा. ऐकू गेलं तर काय होतं, ते बापाने सांगितलं नाही, आणि बापाला उलट विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

पुढे गावाची माणसं पांगली. कोणी कॉलनीत फ्लॅट घेतला, कोणी खारघरला गेलं. सुतळी पोचायला वेळ लागायला लागला. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की आधी गोटीरामला तीन मिस कॉल द्यायचे, बोलायचं काही नाही. तीन झाले की त्याने बांबू बाहेर काढून पुसून ठेवायचे, सुतळी मागून येईल. तीन रिंगा ऐकल्या की गोटीराम तोंडाशी नेलेला घास ताटात परत ठेवायचा.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग धनेशने बापाला गावच्या चार ग्रुपात टाकलं. गावकीचा, भावकीचा, क्रिकेटचा आणि बिल्डिंगचा. सकाळी उठल्यापासून टिंग. फुलाचं चित्र आलं, टिंग. कुणाच्या पोराला दात आला, टिंग. पाणी दोन तास उशिरा येणार, टिंग, आणि मग त्यावर पन्नास लोकांचे हात जोडलेले, पन्नास टिंग. म्हाताऱ्याची शाळा दुसरीतच सुटलेली, वाचून काय समजणार. तो फोनच्या कडेचं बटण दाबून आवाज खाली करायचा. आणि त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं की त्या एकाच बटणाने टिंगही मरतं आणि रिंगही मरते.

चैत्रात गावातल्या रणजीतचा बाप गेला. रणजीतने तीन मिस कॉल दिले, परत तीन दिले. फोन मुका. शेवटी त्यांनी ॲम्ब्युलन्सबरोबर आलेल्या लोखंडी स्ट्रेचरवरूनच बापाला नेला. गोटीरामला कळलं तेव्हा धूर निघून गेला होता. दोन दिवस तो जेवला नाही. गावातलं माणूस लोखंडावर गेलं, आणि त्याचे बांबू बोळात उभेच.

म्हणून तो मंगळवारी मनस्वीकडे गेला.

मनस्वी म्हणजे धनेशची एकुलती एक पोरगी. अठरा वर्षांची, खारघरला कॉलेजात जायची, स्कूटी चालवायची. आज्याला कुणी उलट बोलायचं नाही, ही बोलायची. शरीराने आजीवर गेलेली. पुतळा आजी आणि ती पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या तर दोघींच्या डोक्यावर मिळून एक भरलं ताट ठेवावं आणि थेंब सांडू नये.

तिने फोन घेतला, कडेचं बटण दाबलं, वर कुठेतरी टिचकी मारली. पडद्यावर उभ्या पट्ट्या आल्या. तिने आज्याचं बोट धरून एकेका पट्टीवर ठेवलं. ही गाण्याची. ही घड्याळाच्या गजराची. ही फोनचं चित्र असलेली, रिंगची. आणि ही घंटेचं चित्र असलेली, मेसेजची. पूर्वी या दोन्ही एकातच असायच्या, आता वेगळ्या करता येतात, असं तिने सांगितलं. मग रिंगची पट्टी अंगठ्याने पार वर नेली, आणि घंटेची पार खाली आणली.

"घ्या. रिंग फुल हाय. आता कोनी पन लावला तरी तुमच्याकडून चुकायचा नाय. आनि ही घंटा मेली."

"मेली म्हनू नको," गोटीराम म्हणाला. "बंद केली म्हन."

"बरं आबा, बंद केली. देवाला घाबरत नाय आनि शब्दाला घाबरतंय म्हातारं."

गोटीराम हसला. खाली आला आणि खूप महिन्यांनी दुपारचा निवांत आडवा झाला.

त्याची खोली तळमजल्यावर. तिथे दिवसाही दिवा लागतो, कारण शेजारची बिल्डिंग इतकी खेटून बांधलीय की खिडकीतून हात काढला तर त्यांच्या भिंतीला लागतो. ऊन वरच्या वर अडतं. दुपारी तीनला आत संध्याकाळसारखं. एका खाटेवर त्याची बायको पुतळा, तिला दमा, उशाशी तिचं वाफेचं यंत्र. दुसऱ्या खाटेवर गोटीराम. बोळाकडून बांबूचा ओला हिरवट वास, आणि वारा फिरला की कंपन्यांचा तो गोडसर वास, जो घशात बसतो.

दोन दिवस फोन शांत होता. भाचीचा फोन आला तेव्हा रिंग खणखणीत वाजली. टिंग नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला टिंग झालं.

गोटीरामने डोळे उघडले. परत झालं. मग परत. हे नेहमीचं टिंग नव्हतं. नेहमीच्याला मागे शेपूट असतं, घुमत जातं. हे आखूड होतं, हिरव्या बांबूच्या पेरावर नखाने टिचकी मारावी तसं. आणि दोन आवाजांमधलं अंतर अगदी सारखं. तो आपोआप मोजत गेला. आठ झाले आणि थांबलं.

फोन उचलून पाहिला. पडद्यावर काही नाही. त्याने बटण दाबून पट्ट्या काढल्या. घंटेची पट्टी तळाला होती, मनस्वीने ठेवली तिथेच. पुतळा जागी होती, तिला विचारलं, तर म्हणाली, तिला काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी सहाला तीन मिस कॉल आले. पाठोपाठ दारात सितारामचा पुतण्या, हातात सुतळी. सिताराम गोटीरामच्या बरोबरीचा, गावातला सगळ्यात उंच माणूस, सकाळी त्याच्याशी तंबाखूवरून भांडला होता. गोटीरामने सुतळी घेतली, बोटांनी चाचपली.

आठ गाठी.

त्या रात्री त्याच्या मनात काही आलं नाही, असं नाही. पण माणूस पहिल्या वेळेला स्वतःलाच गप्प करतो. यंत्र आहे, बिघडलं असेल.

पाच दिवसांनी, परत दुपारी तीनला, सहा टिचक्या.

आता गोटीराम उठून बसला. मधलं अंतर त्याच्या ओळखीचं का वाटत होतं ते त्याला कळलं. एक गाठ मारायची, वीत पुढे सरकवायची, दुसरी मारायची. त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढंच ते अंतर होतं. कुणीतरी कुठेतरी निवांत बसून माप घेत होतं.

सहा वितींचं मोठं माणूस गावात एकच, बयाबाई. पाठीत वाकून वाकून तेवढीच उरली होती. गोटीराम चप्पल घालून तिच्या घरी गेला. बयाबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती, हात भराभर चालत होते, तोंडही. उगाच आलेला बघून तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय रं गोटीराम. माप घ्यायला आलास काय माजं?"

शेजारच्या बाया हसल्या. गोटीरामही हसला. कसाबसा. तिने त्याला मूठभर सुकट बांधून दिली, पुतळाला दे म्हणाली. तो ती पुडी घेऊन घरी आला. सकाळी पावणेसातला तीन रिंगा वाजल्या, तेव्हा ती पुडी अजून चुलीपाशी तशीच होती. सुतळी आली. सहा गाठी.

बयाबाईला पोचवून आल्यावर त्याने पुतळाला सगळं सांगितलं. पन्नास वर्षांच्या संसारात त्याने बायकोला फार काही सांगितलं नव्हतं, हे सांगितलं. म्हणाला, घंटा बंद केल्यापासून हे सुरू झालं. पुतळाने ऐकून घेतलं. वाफ घेतली, तोंडावरचं काढलं, आणि शांतपणे म्हणाली,

"आधी पन वाजत असंल. मानसांच्या गर्दीत तुमाला ऐकू नाय आलं. आता गर्दी बंद केलीत…"

तिने वाफ परत तोंडाला लावली. खरंच होतं ते. फुलं, दात आलेली पोरं, पाण्याची वेळ, हात जोडलेले लोक, यांचा आवाज त्याने स्वतः जाऊन काढून टाकला होता. माणसांचं सगळं गाळून जे खाली उरतं, ते आता त्याच्या उशाशी वाजत होतं.

पट्टी परत वर करावी, असं त्याला वाटलं. पण मग रिंग आणि टिंग परत एक होईल, रणजीतच्या बापासारखं परत कोणी लोखंडावर जाईल, या भीतीने त्याने तशीच ठेवली. मनस्वीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की तसं काही होत नाही, पट्ट्या वेगळ्याच राहतात. त्याने विचारलं नाही. म्हातारी माणसं विचारत नाहीत. त्यांना वाटतं, विचारलं की आपली किंमत जाते.

शुक्रवारी तीनला तो जागाच होता. फोन छातीवर ठेवून पडला होता.

एक. दोन. तीन.

पंखा फिरत होता. शेजारच्या भिंतीतून कुणाच्या तरी नळाचं पाणी उतरत होतं.

चार. पाच. सहा.

त्याने मनात म्हटलं, पुढे जा. आठ कर, नऊ कर.

सात. आणि थांबलं.

गोटीरामने मान वळवून शेजारच्या खाटेकडे पाहिलं. ज्याने आयुष्यभर मापाच्या गाठी मोजल्या त्याला आपल्या बायकोचं माप सुतळीशिवाय ठाऊक असतं. पुतळा सात विती. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

मग त्याने ते केलं ज्याची त्याला पुढे मरेपर्यंत लाज वाटायची होती. तो उठला आणि गावात सात वितींची दुसरी म्हातारी शोधायला निघाला. यशोदाबाई सात विती भरेल. तिच्या दारात जाऊन उभा राहिला. तब्येत कशी आहे, रात्री झोप लागते का, छातीत दुखतं का, विचारत राहिला. यशोदाबाई टणटणीत होती. तिने त्याला कोकमाचं सरबत दिलं. तो ते प्यायला आणि पिता पिता तिच्या गळ्याच्या शिरा बघत होता, थांबतायत का म्हणून. आणखी दोन घरी गेला. वाकलेल्या, खोकणाऱ्या, काठीवाल्या, सगळ्या त्याने नजरेने मोजल्या. म्हाताऱ्याच मोजल्या. सात विती म्हणजे म्हातारी, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

शनिवारी सकाळी त्याने हट्ट करून धनेशला पुतळाला दवाखान्यात न्यायला लावलं. धनेशने विचारलं, काय होतंय तिला. गोटीरामने आवाजाचं सांगितलं. धनेशने गाडी काढली. डॉक्टरने छातीला नळी लावली, बोटाला चिमटा लावला, म्हणाला, आजी तुमच्यापेक्षा बऱ्या आहेत. धनेश बापाला घरी सोडून उरणच्या बाजूला कामाला गेला. सून नोकरीवर. मनस्वी कॉलेजात.

आता गोटीरामची अक्कल कुठवर पोचली ते ऐका. तुम्ही हसाल, हसा. त्याने असा विचार केला की टिंग ही नुसती खबर आहे, माप आहे. हुकूम सुटतो तो तीन रिंगांनी. आजवर कधी तीन रिंगा झाल्याशिवाय बांबू हललेला नाही, आणि त्याने बांबू काढल्याशिवाय गावातलं कुणी रीतीने गेलेलं नाही. रिंग वाजलीच नाही तर? बोलावणंच पोचलं नाही तर माणूस निघणार कसं?

दुपारी अडीचला त्याने पट्ट्या काढल्या. फोनचं चित्र असलेली पट्टी शोधली. मनस्वीने अंगठ्याने वर नेलेली ती पट्टी त्याने खाली ओढली, तळापर्यंत. मग पुतळाच्या खाटेवर बसला, तिचा हात हातात घेतला. फोन मांडीवर पालथा ठेवला.

तीन वाजले. टिंग नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी त्याच्या धोतरावर उजेड पडला. पालथ्या फोनच्या कडेने निळसर उजेड बाहेर येत होता, आवाज नाही काही नाही, नुसता उजेड. बराच वेळ राहिला आणि विझला.

गोटीरामने पुतळाचा हात घट्ट धरला.

परत उजेड आला.

"कोन हाय, बगा तरी…" पुतळा म्हणाली.

"कोनी नाय."

"बगा की."

"तू गप पड, पुतळे. कोनी नाय."

दुसरा उजेड विझला. मग काही वेळ गेला, आणि तिसरा आला. हा मोठा वेळ राहिला. गोटीरामने फोन न उलटता उचलला आणि उशीखाली सारला. उशीच्या शिवणीतून जरा जरा उजेड दिसत राहिला. मग तोही गेला. त्याने पुतळाकडे पाहिलं. ती श्वास घेत होती. तो मोजत बसला तिचे श्वास. चार वाजले, पाच वाजले. श्वास चालू होते.

जिंकलं, असं त्याला वाटलं. साठ वर्षांत पहिल्यांदा बोलावणं आलेलं कळूनही तो गेला नव्हता.

सहाला दारात कुणीतरी उभं राहिलं. उजेड पाठीमागून, तोंड दिसेना. उंबऱ्याच्या बाहेर उभा, आत येत नव्हता. हातात सुतळी. गोटीरामने आधी वळून पुतळाकडे बघितलं. जिवंत होती, डोळे उघडे होते. त्याला हायसं वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणी त्याला हायसं वाटलं. दुसऱ्या कुणाचं तरी आहे, असं म्हणून तो उठला, उंबऱ्यापाशी गेला, हात पुढे केला.

सुतळी देणारा हात धनेशचा होता.

ज्याने आयुष्यभर या सुतळीची थट्टा केली तो स्वतःच्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभा होता आणि नाव घेत नव्हता. गोटीरामने गाठी चाचपल्या नाहीत. वरच्या मजल्यावरून सुनेचा हंबरडा ऐकू आला, तेव्हा त्याला पाठीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या दोघी दिसल्या.

झालं ते असं. कॉलेजातून येताना फाट्याच्या अलीकडच्या वळणावर एक ट्रेलर स्कूटीला घासून गेला, थांबला नाही. पोरगी रस्त्याकडेच्या कोरड्या गटारात पडली. वरून दिसत नव्हती. रस्त्यावरून तासभर गाड्या जात राहिल्या. फोन तिच्या हातात होता. बापाला एकदा लावला, तो दुसऱ्या लाइनवर बोलत होता. मग तिने आज्याला लावला. आबांच्या फोनची रिंग फुल आहे, दुपारी ते घरीच असतात, त्यांच्याकडून चुकायचं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनेच तर ती पट्टी वर नेली होती. तिने एकदा लावला, दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा लावलेला नव्हता. डॉक्टर म्हणाला, अर्धा तास आधी आणलं असतं तर बघितलं असतं. धनेशने हे बापाला एकदा सांगितलं. त्यानंतर तो बापाशी बोललेला नाही.

तिरडी गोटीरामनेच बांधली. दुसऱ्या कुणाला येत नव्हती. सात विती. हात थरथरले नाहीत, याचाच लोकांनी नंतर फार राग केला.

दिवसकार्य झाल्यावर त्याने उरलेले बांबू खाडीत नेऊन टाकले. आणि फोन हातात घेतला. घंटेची पट्टी वर करायची होती. पण ती खाली होती तिथे मनस्वीच्या अंगठ्याने ठेवलेली होती, तिने केलेलं तेवढंच एक काम त्या फोनात जसंच्या तसं शिल्लक होतं. तो चार दिवस पट्टी काढून नुसता बघत राहिला. पाचव्या दिवशी ती वर नेली, पार टोकाला. मग मोबाइलच्या दुकानातल्या कुंदनला जाऊन सांगितलं, जेवढे ग्रुप असतील तेवढ्यांत मला टाक. कुंदनने विचारलं, कशाचे. गोटीराम म्हणाला, कशाचे पन. भजनाचे, प्लॉटचे, वधूवरांचे, बस थांब्याचे. टाक.

तेव्हापासून तो फोन दिवसभर वाजायचा. टिंग टिंग टिंग, श्वास घ्यायला जागा नाही. वरचे भाडेकरू तक्रार करायचे. गोटीराम फोन उशाशी घेऊन पडायचा आणि कुठल्याच टिंगचा अर्थ लागत नाही म्हणून त्याला थोडी झोप लागायची. माणसांची गर्दी परत आणली होती. त्या गर्दीत तीन वाजता काय वाजतं ते त्याला कळत नव्हतं, आणि कळायला नको होतं. गावात माणसं जात होती, लोखंडावरून जात होती. कोणी त्याला मिस कॉल द्यायचं नाही.

नवरात्रातला बुधवार होता. हवा बंद होती, कंपन्यांचा गोडसर वास नेहमीपेक्षा दाट होता. दुपारी तीनच्या सुमाराला फोन गप्प झाला. एकदम, सगळ्यांनी मिळून तोंडावर बोट ठेवावं तसा. गोटीरामने पाहिलं. रेंज होती. पट्टी वर होती.

बोळाकडून ताज्या तोडलेल्या बांबूचा वास आला. बोळ रिकामा होता, चार महिने झाले.

मग पहिली टिचकी वाजली.

तो मोजायला लागला. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजायला लागला. सहा. सात. त्याने डोळे मिटले. आठ. नऊ. नऊ वितींचं माणूस गावात नाही, पंचक्रोशीत नाही. दहा झाले. बारा झाले. अंतर तेच, गाठ मारायची, वीत सरकवायची. वीस. तो उठून बसला. फोन भिंतीवर आपटला, काच फुटली, पडदा काळा पडला. एकवीस. बावीस. फुटलेला फोन जमिनीवर पडला होता आणि कुणीतरी निवांत, घाई न करता, सुतळी पुढे सरकवत होतं. एवढं लांब काय मोजतायत… कुणाकुणाला एका सुतळीत…

तीस. पस्तीस.

बाहेर पोरं गल्लीत खेळत होती. वर कुणीतरी कपडे आपटत होतं. कुणाला काही ऐकू जात नव्हतं. नेहमीसारखंच.

चाळीस. एक्केचाळीस.

गोटीराम थांबला, पुढच्याची वाट बघत.

"बेचाळीस," खाटेवरून पुतळा हळूच म्हणाली.

तिचे डोळे छताकडे होते, आणि उजव्या हाताची वीत चादरीवर पुढे सरकली होती. त्याच्या कानावर बेचाळिसावी टिचकी अजून पडायची होती.